संगणकजालाची केंद्रीय देखरेख : काही मूलभूत प्रश्न

पुण्यात शिवाजीनगरच्या एका चौकास लोक अद्यापि ‘सिमला ऑफिस चौक’ म्हणतात. भारतीय हवामान विभागाचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, त्याची ही खूण होय. पुढे १९४४ मध्ये मुख्य कार्यालय दिल्लीस गेले. नाव मात्र चौकास चिकटून राहिले. या कार्यालयात देशभरच्या वेधशाळांकडून तारा येत. दाब, तपमान, वारा, पाऊस यांचे आकडे ठराविक गटांत मांडलेले असत आणि त्यांवरून नकाशा तयार होई. या पद्धतीचे बळ एखाद्या वेधशाळेच्या उपकरणाच्या सूक्ष्मतेत नव्हते. सर्वांनी एकाच नेमलेल्या वेळी निरीक्षण करावयाचे, एकाच संकेतलिपीत कळवावयाचे, आणि ज्या ठिकाणाहून तार आली नाही ते ठिकाण नकाशावर रिकामे दिसावयाचे, या तीन गोष्टींत ते होते. संगणकांच्या जाळ्यावर एका केंद्रातून देखरेख ठेवण्याच्या शास्त्रात गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ भर पडली आहे. तथापि त्यातील अवघड प्रश्न याच तीन गोष्टींभोवती फिरतात, असे म्हणावयास हरकत नाही.

एखाद्या विभागात दोनच यंत्रे होती, तोवर पंख्याचा आवाज बदलला की चालकास कळत असे. आज एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात शेकडो स्विच, राउटर आणि सर्व्हर निरनिराळ्या इमारतींत विखुरलेले असतात. त्यांपैकी कित्येक तर प्रत्यक्ष यंत्रे नसून एका यंत्राच्या पोटात चालणारी आभासी यंत्रे असतात. अशा स्थितीत बिघाडाची वार्ता प्रथम वापरणाऱ्याच्या तक्रारीतून येते, आणि ती बहुधा निकालाच्या किंवा प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी येते. केंद्रीय देखरेखीचा पहिला हेतू हा क्रम उलटा करणे हा आहे.

देखरेखीची सर्वांत सोपी रीत म्हणजे यंत्रास हाक मारून पाहणे. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस यांनी लिहिलेला ‘पिंग’ हा लहानसा प्रोग्रॅम हेच करतो. हाकेला ओ मिळाली म्हणजे यंत्र जिवंत आहे, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. वस्तुतः एवढेच सिद्ध होते की, तारेपासून यंत्राच्या गाभ्यापर्यंतचा मार्ग उघडा आहे. डिस्क काठोकाठ भरलेली आहे, माहितीसंग्रह नवी नोंद स्वीकारीत नाही, तरीही यंत्र हाकेला तत्परतेने उत्तर देते, हा अनुभव नेहमीचा आहे. म्हणून प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी विचारावे लागतात. यंत्र पोहोचण्याजोगे आहे काय, त्यावर भार किती आहे, ते स्वतःविषयी काय लिहून ठेवीत आहे, आणि ज्या कामासाठी ते ठेवले आहे ते काम प्रत्यक्षात घडते आहे काय, असा हा चढता क्रम आहे. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते.

भार मोजण्यासाठी सर्वत्र रूढ झालेली भाषा म्हणजे एस्. एन्. एम्. पी. ही होय. १९८८ साली ती प्रथम प्रमाणरूपात आली. तिची कल्पना साधी आहे. यंत्राच्या प्रत्येक मोजण्याजोग्या राशीस एका वृक्षातील स्थान दिलेले असते आणि त्या स्थानाचा पत्ता आकड्यांनी लिहितात. उदाहरणार्थ, जोडणीतून आत आलेल्या अष्टकांची, म्हणजे बाइटांची, संख्या १.३.६.१.२.१.२.२.१.१० या पत्त्यावर असते. यंत्र कोणत्याही कारखान्याचे असो, हा पत्ता बदलत नाही. केंद्राने तो विचारावा आणि यंत्राने आकडा सांगावा, एवढाच व्यवहार. तारेच्या संकेतलिपीशी याचे साम्य उघड आहे.

येथे एका सूक्ष्म दोषाचा विचार विस्ताराने केला पाहिजे, कारण तो आलेख पाहणाऱ्यास फसवितो आणि फसविल्याची जाणीवही होऊ देत नाही. वर सांगितलेली संख्या ही एकूण बेरीज असते. प्रवाहाचा वेग काढावयाचा तर दोन वेळांच्या बेरजांतील फरकास मधल्या सेकंदांनी भागावे लागते. ही मूळ संख्या ३२ बिटांच्या गणकात ठेवलेली असते. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ अष्टके झाली की गणक पुन्हा शून्यावर येतो. जुन्या मोटारीतील अंतरदर्शकाप्रमाणेच. १९८८ च्या सुमारास जोडण्यांचा वेग सेकंदास १ कोटी बिट, म्हणजे १० मेगाबिट, असे. त्या वेगाने गणकाचा फेरा पूर्ण व्हावयास सुमारे ५७ मिनिटे लागत. पाच मिनिटांनी एकदा विचारणा केली तर चूक होण्याचा संभव नव्हता. आज एक गिगाबिटाची जोडणी सामान्य आहे. तिच्यातून सेकंदास साडेबारा कोटी अष्टके जातात आणि फेरा अवघ्या ३४ सेकंदांत पूर्ण होतो. समजा, ही जोडणी पाच मिनिटे पूर्ण भरून वाहिली. ३०० सेकंदांत ३,७५० कोटी अष्टके गेली. गणक आठ वेळा फिरून नवव्या फेऱ्यात ३१४ कोटींच्या थोडे पुढे थांबला. केंद्रास दिसेल तो एवढाच उरलेला फरक. त्यास ३०० ने भागून आठाने गुणले असता वेग येतो सुमारे ८४ मेगाबिट. जी जोडणी शंभर टक्के भरलेली आहे ती साडेआठ टक्के भरली आहे, असे आलेख शांतपणे दाखवितो. विद्यार्थी जाळे मंद असल्याची तक्रार करतात, आणि व्यवस्थापक आलेखाकडे बोट दाखवून तक्रार निराधार ठरवितो!

उपाय ठाऊक आहे. नंतरच्या प्रमाणांत ६४ बिटांचे गणक आले. त्यांचा फेरा गिगाबिटाच्या वेगानेही पूर्ण व्हावयास ४,६०० वर्षांहून अधिक काळ लागेल. परंतु जुनी राशी नाहीशी झालेली नाही. साधन उभारताना कोणता पत्ता विचारला जात आहे, हे प्रत्येक उपकरणाबाबत तपासून पाहणे भाग आहे. याचबरोबर यंत्र किती वेळ चालू आहे ही राशीही प्रत्येक वेळी विचारावी. म्हणजे गणक फिरून शून्यावर आला की यंत्र मध्यंतरी बंद पडून पुन्हा सुरू झाले, याचा निवाडा करता येतो.

विचारणा केंद्राने करावी की वार्ता यंत्राने आपणहून पाठवावी, हा वाद जुना आहे. यंत्राने आपणहून पाठविलेली वार्ता तत्काळ मिळते. पण जाळे तुंबले असता तीच वाटेत हरवण्याचा संभव अधिक, आणि हरवलेल्या वार्तेची खूणही मागे राहत नाही. केंद्राने विचारणा केली असता उत्तर न येणे हेच उत्तर ठरते. नकाशावरील रिकाम्या जागेप्रमाणे ते डोळ्यांस दिसते. २०१२ साली साउंडक्लाउड या संस्थेत सुरू झालेली आणि आज फार प्रसार पावलेली ‘प्रोमिथियस’ ही प्रणाली मुख्यतः विचारणेच्या पक्षाची आहे. तथापि दोन विचारणांच्या मधे घडून गेलेली घटना विचारणेस कधीच दिसत नाही. म्हणून नियमित राशींसाठी विचारणा आणि आकस्मिक घटनांसाठी वार्ता, असा मिश्रमार्ग बहुतेक जाणकार पत्करतात. येथे तत्त्वाचा आग्रह धरण्याजोगे काही नाही.

आता ‘काम प्रत्यक्षात घडते आहे काय’ या शेवटच्या पायरीकडे वळता येईल. तिचे महत्त्व पटविण्यास पुण्यातीलच एक घटना पुरेशी आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी संगणकीय दरोडा पडला. तो दिवस महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा होता. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील यंत्रांमधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले; भारतातही सुमारे अडीच कोटी निघाले. सोमवारी, १३ तारखेस, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून आणखी १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर वळविण्यात आले. एकंदर रक्कम ९४ कोटी ४२ लक्ष.

यातील यांत्रिक भाग अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ग्राहकाने पैसे काढण्याच्या यंत्रात कार्ड घातले की विनंती बँकेच्या ‘स्विच’कडे येते. (हा स्विच म्हणजे देवघेवीच्या विनंत्या योग्य स्थळी धाडणारी सर्व्हरप्रणाली, जाळ्याच्या तारा जोडणारे उपकरण नव्हे.) स्विच ती विनंती मूळ हिशेबप्रणालीकडे पाठवितो. तेथे खात्यात शिल्लक पाहिली जाते, रक्कम वजा होते, आणि मग संमती परत जाते. या प्रकरणात दरोडेखोरांनी दुष्ट प्रोग्रॅमच्या योगे एक तोतया स्विच उभा केला होता. विनंत्या त्या तोतयाकडे वळल्या आणि संमतीही त्यानेच दिली. हिशेबप्रणालीपर्यंत विनंती पोहोचलीच नाही. मूळ हिशेबप्रणालीस धक्का लागलेला नाही असे बँकेने जाहीर केले होते, ते याच अर्थाने समजून घेतले पाहिजे.

येथे एक प्रश्न तात्त्विक दृष्टीने उपस्थित होतो. अशा प्रसंगी हिशेबप्रणालीच्या सर्व्हरवर कितीही काटेकोर देखरेख असती, तरी तिला काय दिसले असते? प्रक्रियकाचा भार नेहमीचा, स्मृती पुरेशी, डिस्क मोकळी, चुकांच्या नोंदी नाहीत. जे यंत्र वगळले गेले आहे ते उत्तम प्रकृतीचेच दिसणार. ज्या घटना तेथे घडावयास हव्या होत्या आणि घडल्या नाहीत, त्यांची नोंद कोणतेही एकटे यंत्र करू शकत नाही. ती नोंद दोन स्वतंत्र ठिकाणच्या संख्या शेजारी ठेवल्यानेच होते. कार्डसंस्थेकडून आलेल्या संमतींची संख्या आणि हिशेबप्रणालीने वजा केलेल्या रकमांची संख्या या दर मिनिटास जुळल्या पाहिजेत. थोडा कालविलंब गृहीत धरूनही त्यांतील अंतर एका मर्यादेपलीकडे जाता कामा नये. भौतिकीत ज्यास अक्षय्यतेचा नियम म्हणतात त्याच जातीची ही कसोटी आहे. जमाखर्चाच्या वह्या लिहिणाऱ्यांस ती शतकानुशतके ठाऊक आहे. फरक इतकाच की त्यांचा ताळेबंद संध्याकाळी होई. आणि येथे संध्याकाळपर्यंत थांबणे परवडत नाही.

या जोडपडताळणीचे केंद्रीय देखरेखीशी नाते अगदी निकटचे आहे. दोन संख्या एकाच ठिकाणी आणल्यावाचून त्यांची तुलना होऊ शकत नाही. केंद्राची खरी उपयुक्तता आलेखांची भिंत उभारण्यात नसून या तुलनेत आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सुरक्षाचौकट घालून दिली आणि सर्वांत वरच्या पातळीवरील बँकांस सुरक्षाविषयक केंद्रीय देखरेखकक्ष आवश्यक ठरविला. विद्यापीठाच्या क्षेत्रातही हीच रीत लागू करता येते. परीक्षाशुल्काच्या किती पावत्या संकेतस्थळाने दिल्या आणि बँकेत किती रकमा जमा झाल्या; किती विद्यार्थ्यांनी अर्ज भरले आणि माहितीसंग्रहात किती ओळी वाढल्या. हे आकडे यंत्राच्या तपमानापेक्षा अधिक बोलतात.

यंत्रे स्वतःविषयी जे लिहून ठेवतात त्या नोंदींचा प्रश्न वेगळा आहे. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपालप्रणालीसाठी ‘सिसलॉग’ची रीत घातली आणि ती सर्वत्र पसरली. नोंदी ज्या यंत्रावर निर्माण होतात तेथेच ठेवल्या तर यंत्रात शिरलेला चोर प्रथम त्याच पुसतो. म्हणून प्रत्येक ओळ निर्माण होताक्षणीच केंद्राकडे रवाना व्हावी, आणि केंद्रातील प्रत पाठविणाऱ्या यंत्रास बदलता येऊ नये, हा पहिला नियम होय. भारतात ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि ठराविक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक केले. त्याच निर्देशांत घड्याळांविषयीही आज्ञा आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय सूचना केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी, अथवा तिच्याशी जुळणाऱ्या सेवेशी, सर्व यंत्रांची घड्याळे मिळवून ठेवावयाची आहेत.

घड्याळांचा हा आग्रह अनाठायी नाही. एका सर्व्हरची नोंद भारतीय प्रमाणवेळेत, दुसऱ्याची जागतिक वेळेत आणि तिसऱ्याचे घड्याळ चार मिनिटे मागे, अशी स्थिती असली तर कोणती घटना आधी घडली हे ठरविता येत नाही. आणि चौकशीत क्रम हाच पुरावा असतो. घड्याळे जुळविण्याची रीत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ सालीच प्रमाणबद्ध केली आहे. सर्व नोंदी जागतिक वेळेत साठवाव्या आणि दाखविताना तेवढे साडेपाच तास मिळवावे, हा व्यवहार सर्वांत निर्धोक होय.

एवढी माहिती साठविणार कोठे, अशी शंका घेतली जाते. हिशेब करून पाहिला तर ती फारशी टिकत नाही. ५०० यंत्रे, प्रत्येकाच्या ४० राशी, दर मिनिटास एक वाचन असे धरले तर दिवसास २ कोटी ८८ लक्ष वाचने होतात. प्रत्येकास काळ व मूल्य मिळून १६ अष्टके लागली तर सुमारे ४६ कोटी अष्टके होतील. परंतु लागोपाठच्या वाचनांत फरक अल्प असतो. फेसबुकच्या संशोधकांनी २०१५ साली वर्णिलेल्या संक्षेपपद्धतीने त्यांच्या माहितीतील एका वाचनास सरासरी १.३७ अष्टके पुरली. तेच प्रमाण येथे धरले तर वर्षाची सर्व वाचने १५ अब्ज अष्टकांच्या आत, म्हणजे खिशातल्या लहानशा स्मृतिपट्टीवर मावतील. नोंदींचा पसारा मात्र याच्या कित्येक पट असतो आणि खर्चाचा विचार तेथे करावा लागतो.

इशारे देण्याच्या व्यवस्थेत तंत्राइतकाच मनुष्यस्वभावाचा विचार करावा लागतो. डिस्क ९० टक्के भरली की इशारा, हा नियम सर्वत्र आढळतो आणि तो बहुधा निरुपयोगी असतो. मोठ्या डिस्कवर उरलेले दहा टक्के वर्षभर पुरतील, लहानीवर रात्रभरही पुरणार नाहीत. भरण्याच्या वेगावरून ‘चार तासांत भरेल’ असे काढलेले अनुमान अधिक मोलाचे होय. तसेच एका इमारतीचा मुख्य स्विच बंद पडला तर त्यामागील साठ यंत्रांचे साठ इशारे येता कामा नयेत. कोण कोणाच्या मागे आहे हे केंद्रास आधी सांगून ठेवावे लागते. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार असतो. त्या दिवशीचे इशारे पूर्वनियोजनाने थोपविले नाहीत तर चालकास दर आठवड्यास खोट्या आरोळ्या ऐकण्याची सवय लागते, आणि एखाद्या दुसऱ्या शनिवारी आलेल्या खऱ्या आरोळीकडेही तो त्याच सवयीने पाहतो. ज्यावर कोणी तरी तत्काळ काही करावयाचे आहे तेवढ्याचाच इशारा द्यावा. उरलेले सकाळी वाचण्याच्या तक्त्यात जावे.

देखरेखीचे केंद्र स्वतःच एक धोका आहे, याचाही विचार उभारणीच्या आरंभीच करावा लागतो. सर्व यंत्रांपर्यंत पोहोचण्याची मुभा असलेले ते एकच ठिकाण असते. सोलरविंड्स या संस्थेच्या ‘ओरायन’ या देखरेखप्रणालीत दूषित भाग घुसविला गेल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आले. तो भाग नव्या आवृत्तीबरोबर सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला होता. म्हणून केंद्रास केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा, बदलण्याचा देऊ नये. एस्. एन्. एम्. पी. च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडा प्रवास करतो, आणि कित्येक उपकरणांत तो कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’ हाच राहिलेला असतो. २००२ साली पूर्ण प्रमाणाचा दर्जा मिळालेली तिसरी आवृत्ती वापरणे, आणि देखरेखीचा व्यवहार सामान्य व्यवहारापासून निराळ्या वाटेने नेणे, हे आता ऐच्छिक मानता येणार नाही. केंद्रावर लक्ष ठेवणारे एक लहान यंत्र दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या संस्थेत असावे. त्याचा इशारा संस्थेच्या टपालप्रणालीतून न जाता भ्रमणध्वनीवरून जावा, कारण बंद पडलेली वस्तू ती टपालप्रणालीच असू शकते.

सर्व निर्णय केंद्राकडे आणणे हेही इष्ट नाही. नारायणगावाजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत; १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर. त्या सर्व प्रकाशतंतूंनी मध्यवर्ती कक्षाशी जोडलेल्या असून तेथून त्यांचे नियंत्रण व देखरेख चालते. वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या पलीकडे गेला की त्यांची तोंडे वर आकाशाकडे करून त्या स्थिर ठेवाव्या लागतात. असल्या रचनेत, तंतू तुटला असतानाही यंत्राचा बचाव व्हावयाचा असेल तर बचावाची कृती जागच्या जागी घडण्याची सोय असावी लागते; केंद्राच्या अनुमतीची वाट पाहणे घातक ठरते. सर्व्हरच्या खोलीतही असेच आहे. वातानुकूलन बंद पडून तपमान वाढले, किंवा वीज जाऊन बॅटरी संपत आली, तर यंत्राने माहितीसंग्रह मिटवून स्वतःच व्यवस्थित बंद व्हावे. तो का बंद झाला याची ओळ तेवढी आधी केंद्राकडे गेलेली असावी, म्हणजे नकाशावरील त्या रिकाम्या जागेचा अर्थ रात्रपाळीच्या चालकास लागू शकेल.